बेह्चेत आजारातल्या शिरांच्या गुठळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय सुजला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. डॉपलर सोनोग्राफीत मांडीतल्या खोल शिरेत गुठळी दिसली आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. एकही गोळी न चुकवता आठ महिन्यांनी दुसरा पायही सुजला. दोन्ही वेळा त्याचं तोंड आलेलं होतं. पहिल्या वेळी ते कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. पाय दाखवायला गेलेला माणूस तोंडाबद्दल कशाला बोलेल? दुसऱ्या वेळी एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं, आणि तिथून बेह्चेत हा शब्द आमच्या घरात आला.

नव्याने निदान झालेल्या माणसांच्या घरून तेव्हापासून आम्हाला जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

बेह्चेत हा नेमका काय आजार आहे?

शरीरातल्या रक्तवाहिन्यांना वारंवार दाह होण्याचा, म्हणजे आतून सूज येण्याचा हा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही, जेवणातून किंवा स्पर्शातून पसरत नाही. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेह्चेत यांनी १९३७ मध्ये तोंडातले व्रण, जननेंद्रियावरचे व्रण आणि डोळ्यातली सूज हे तिन्ही मिळून एकच आजार आहे असं मांडलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. आपल्याकडचे डॉक्टर ‘बेशेट’ किंवा ‘बेहसेट’ म्हणतात. तुर्की उच्चार ‘बेह्चेत’च्या जवळचा आहे.

गुठळ्यांच्या दृष्टीने दुसरं एक नाव महत्त्वाचं आहे. बेनेडिक्टोस अदामांतियादिस या ग्रीक नेत्रतज्ज्ञांनी बेह्चेत यांच्या काही वर्षं आधीच असा रुग्ण वर्णन केला होता, आणि पुढे १९४६ मध्ये शिरांचा दाह हेही या आजाराचं मुख्य लक्षण धरावं असं सांगितलं. काही देशांत म्हणूनच आजाराला दोघांचं नाव लावतात.

तुर्कस्तानपासून इराण, चीन, कोरिया, जपानपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार जास्त आढळतो. जुना रेशीम मार्ग याच पट्ट्यातून जायचा, त्यामुळे ‘रेशीम मार्गाचा आजार’ असंही म्हणतात. भारतात तो दुर्मीळ आहे. त्यामुळे इथे अडचण अशी होते की तोंडासाठी दातांचे डॉक्टर, डोळ्यासाठी डोळ्यांचे, पायासाठी सर्जन, अशा वेगवेगळ्या फायली तयार होतात आणि त्या एका टेबलावर कधी येतच नाहीत.

तोंड तर सगळ्यांचंच येतं. मग काळजी कधी करायची?

बरोबर आहे, जागरण झालं, पोट बिघडलं की अनेकांचं तोंड येतं. नुसतं तोंड येण्यावरून बेह्चेतची शंका घेऊ नका. पण वर्षात तीन किंवा अधिक वेळा तोंड येतं आणि सोबत गुप्तांगावर दुखणारे व्रण होऊन गेलेत, किंवा डोळा लाल होऊन धूसर दिसलंय, किंवा पायावर दुखऱ्या लाल गाठी येतात, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. तरुण माणसाच्या पायात काही कारण नसताना गुठळी झाली असेल, तर या सगळ्याची चौकशी व्हायलाच हवी.

गुप्तांगावरच्या व्रणाबद्दल मुलगे घरी बोलत नाहीत. माझ्या भावानेही दोन वर्षं लपवलं होतं, त्याला वाटलं लोक काहीतरी भलताच अर्थ काढतील. आई-वडिलांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांकडे एकटे जा, पण त्यांना सांगा. त्या व्रणाचा मागे राहिलेला वणसुद्धा निदानाला उपयोगी पडतो.

शिरेत गुठळी का होते? रक्त घट्ट झालंय का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि पुढचा सगळा उपचार याच्या उत्तरावर उभा आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच ‘शीर’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात मात्र दोन वेगळे शब्द होते. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी किंवा धमनी, आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. बेह्चेत दोन्हींना धरतो, पण नीलांना जास्त. या लेखात ‘शीर’ म्हटलंय तिथे नीला समजा.

नेहमीच्या गुठळीमागे बहुतेकदा रक्ताचा प्रवाह मंदावणं असतं: मोठं ऑपरेशन, पायाला प्लास्टर, महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहणं. किंवा रक्तात एखादा जन्मजात दोष असतो. बेह्चेतमध्ये सुरुवात शिरेच्या भिंतीपासून होते. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, गरज नसताना चेकाळतात आणि भिंतीला आतून सूज आणतात. त्या सुजलेल्या, खडबडीत भिंतीवर गुठळी धरते.

दुसरी गोष्ट गुठळीच्या घडणीची आहे. गुठळी ज्या फायब्रिन नावाच्या धाग्यांनी विणलेली असते ते धागे विरघळवायची सोय शरीरात मुळातच आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी दाखवलं की बेह्चेतमध्ये न्यूट्रोफिलमधून बाहेर पडणारे ऑक्सिजनचे तीव्र अणुरेणू या धाग्यांचा मूळ पदार्थ, म्हणजे फायब्रिनोजेन, बदलून टाकतात. मग तयार होणारी गुठळी चिवट होते आणि सहज विरघळत नाही. भावाच्या मांडीतली शीर इतक्या वर्षांनंतरही पूर्ण मोकळी झालेली नाही, त्यामागे हेच आहे.

तेव्हा घरच्यांनी ‘तू पाणी कमी पितोस, म्हणून रक्त घट्ट झालं’ असं रुग्णाला ऐकवू नये. त्याच्या कुठल्या चुकीने हे झालेलं नाही.

हे सगळ्याच रुग्णांना होतं का?

नाही. रक्तवाहिन्यांचा त्रास साधारण ४० टक्क्यांपर्यंत रुग्णांना होतो, आणि त्यात बहुतेकांना शिरांचाच. बायकांपेक्षा पुरुषांत प्रमाण कितीतरी जास्त आहे. आजार सुरू झाल्यापासूनची पहिली पाच वर्षं जास्त जोखमीची. काहींच्या बाबतीत तर गुठळीच आधी दिसते आणि बाकीची लक्षणं मागून येतात.

गुठळी कुठे होते आणि ओळखायची कशी?

पाय ही तिची सगळ्यात नेहमीची जागा. पोटरी किंवा मांडी सुजते, दुखते, गरम लागते, त्वचा तणावते. कधी एक पाय, कधी थोड्या अंतराने दुसरा. सोबत ताप असू शकतो आणि सीआरपी, ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे वाढलेले असतात. साध्या गुठळीत ताप इतका ठळक नसतो, म्हणून ताप असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि हे फार महत्त्वाचं: सुजलेल्या पायाला तेल लावून चोळू नका, शेक देऊन रगडू नका. आपल्याकडे घरोघरी पहिला उपाय तोच होतो. आमच्या आजीनेही तेच केलं होतं, मायेपोटी.

त्वचेच्या लगेच खालच्या शिरेतही गुठळी होते. पायावर किंवा हातावर दोरीसारखी कडक, लाल, दुखरी रेघ हाताला लागते. ती किरकोळ समजू नये, कारण अशांना पुढे खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते. पायावरच्या लाल गाठींशी तिची गल्लत होते. सोनोग्राफीत फरक कळतो.

मेंदूतल्या शिरांत गुठळी झाली तर डोकं दुखतं, आणि ते नेहमीच्या डोकेदुखीसारखं नसतं. दिवसेंदिवस वाढत जाणारं, आडवं झाल्यावर जास्त, उलटीसोबत, कधी एकाचे दोन दिसणं किंवा नजर धूसर होणं. बेह्चेतच्या रुग्णाने असं डोकं दुखत असताना डोकेदुखीच्या गोळ्यांवर आठवडा काढू नये. एमआरआय करताना शिरांचा वेगळा अभ्यास, ज्याला एमआर व्हेनोग्राफी म्हणतात, तो करायला सांगावं लागतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे सुटू शकतं.

यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा बंद झाल्या तर त्याला बड-किआरी म्हणतात. पोट फुगतं, पोटात पाणी होतं, उजव्या बाजूला दुखतं, पाय सुजतात, कधी कावीळ होते. ही बेह्चेतमधली गंभीर गुंतागुंत आहे आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. तरुण मुलाचं पोट फुगलेलं दिसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘दारू घेतोस का?’ असा असतो. नातेवाइकांनी तोंड येण्याचा इतिहास तिथेच, त्याच वेळी सांगावा.

छातीतल्या मोठ्या शिरेत अडथळा आला तर सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली दिसते, शर्टाची कॉलर घट्ट वाटते, छातीवर निळ्या शिरा उठून दिसतात. हृदयाच्या उजव्या कप्प्यातही क्वचित गुठळी होते, ती २डी इकोत सापडते.

पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात जाईल का?

नेहमीच्या गुठळीत ही भीती खरी असते. बेह्चेतमध्ये गुठळी सुजलेल्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती सुटून फुफ्फुसात जाणं त्यामानाने दुर्मीळ आहे.

पण फुफ्फुसाचा धोका आहेच, तो दुसऱ्या वाटेने येतो. फुफ्फुसाच्या धमनीच्या भिंतीलाच दाह होऊन ती कमकुवत होते आणि फुग्यासारखी फुगते. त्याच ठिकाणी तिच्या आत गुठळीही धरते. अशा बहुतेक रुग्णांच्या पायांत किंवा इतर शिरांत गुठळ्या असतात, म्हणजे पायाची गुठळी आणि फुफ्फुसातला फुगा एकाच माणसात सापडायची शक्यता बरीच. ह्यूज आणि स्टोव्हिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५९ मध्ये ही जोडी वर्णन केली होती. तिला त्यांचं नाव आहे, आणि अनेक तज्ज्ञ ती बेह्चेतचाच एक प्रकार मानतात.

खोकल्यातून रक्त पडणं हे त्याचं मुख्य लक्षण. रक्त चमचाभर असो की वाटीभर, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. फुगा फुटला तर वेळ मिळत नाही.

इथे भारतातली एक खास अडचण आहे. खोकल्यातून रक्त, ताप, वजन कमी, वय तिशीच्या आत: हे ऐकलं की टीबीच मनात येतो, आणि आपल्या देशात ते चुकीचंही नाही. पण थुंकीत जंतू न सापडता नुसत्या एक्स-रेवरच्या डागावरून टीबीची औषधं सुरू होत असतील, आणि त्या माणसाचं वारंवार तोंड येत असेल किंवा पायात गुठळी झालेली असेल, तर छातीचा सीटी अँजिओग्राम, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करायला हवा का, हे डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा. टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा परिणामही कमी करतं, हा आणखी एक गुंता.

यासाठी रक्ताची एखादी खात्रीची तपासणी आहे का?

अशी एकच तपासणी नाही. डॉक्टर लक्षणांची जुळणी करतात. १९९० चे आंतरराष्ट्रीय निकष जुने आणि प्रसिद्ध, पण त्यांत गुठळीला जागाच नव्हती. २०१४ च्या निकषांत गुण मोजतात: तोंडाचे व्रण २, जननेंद्रियाचे व्रण २, डोळा २, त्वचा १, मज्जासंस्था १, रक्तवाहिन्या १, सुईची चाचणी १. चार गुण झाले की बेह्चेत धरतात. तोंड येणं आणि गुठळी मिळून तीनच होतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणूनच निव्वळ गुणांवर न थांबता अनुभवी डॉक्टरांचं मत लागतं.

सुईच्या चाचणीला पॅथर्जी म्हणतात. हातावर निर्जंतुक सुई टोचतात आणि २४ ते ४८ तासांनी बघतात. तिथे पुटकुळी किंवा पू असलेला फोड आला तर चाचणी सकारात्मक. तुर्कस्तानात ती जास्त जणांत सकारात्मक येते, इतर अनेक ठिकाणी कमी. नकारात्मक आली म्हणजे आजार नाही असं होत नाही.

गेल्या काही वर्षांत इस्तंबूलच्या डॉक्टरांनी एक सोपी आणि मला फार आशादायक वाटणारी गोष्ट पुढे आणली आहे. जांघेतल्या मुख्य शिरेच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने मोजायची. बेह्चेतमध्ये, गुठळी झालेली नसतानाही, ती अर्धा मिलिमीटर किंवा जास्त भरते. सुई नाही, किरण नाहीत. आपल्याकडे हे मोजायची पद्धत अजून रुळलेली नाही.

रक्तातले जन्मजात दोष आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं या तपासण्याही होतात, कारण दुसरं कारण वगळणं भाग असतं. मात्र वॉरफरिन चालू असताना प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही गुठळी रोखणारी रक्तातली प्रथिनं कमीच दिसतात. त्या आकड्यांवरून घाबरू नका, तपासणीच्या वेळेबद्दल विचारा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कशाला?

कारण दुखणं भिंतीत आहे. रक्त कितीही पातळ केलं तरी भिंत सुजलेलीच राहिली तर पुढची गुठळी धरतेच. माझ्या भावाचं नेमकं तेच झालं. आठ महिने त्याचं रक्त नीट पातळ होतं, रिपोर्ट मापात होते, आणि भिंत सुजतच राहिली.

फ्रान्समधल्या ८०७ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ३७ टक्के लोकांना शिरांच्या गुठळ्या झाल्या होत्या. ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मिळाली त्यांच्यात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीही हेच सांगतात: ताज्या गुठळीत स्टेरॉइड आणि सोबत अझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फामाइड किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी एक. मेंदूला त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन टाळतात. बड-किआरी आणि फुफ्फुसाच्या धमनीतला फुगा यांसारख्या जिवावरच्या दुखण्यांत मोठ्या डोसचं स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात. एवढ्याने भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही ‘बायोलॉजिक’ म्हटली जाणारी इंजेक्शनं येतात.

‘इम्युनिटी दाबायची’ हे ऐकून घरात सगळे धास्तावतात. गुठळीवर स्टेरॉइड का, हा प्रश्न तर केमिस्टनेही आम्हाला विचारला होता. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत, ती भिंतीची सूज उतरवतात, आणि या आजारात खरा उपचार तोच आहे.

मग रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल?

स्वतःहून अजिबात नाही. या गोळीच्या उपयोगाबद्दल जगभरच्या तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. तुर्कस्तानातले अनेक डॉक्टर ती क्वचित वापरतात, इतर देशांत सर्रास देतात. २०१८ च्या शिफारशींत मधला मार्ग आहे: रक्तस्रावाचा धोका कमी असेल आणि फुफ्फुसाच्या धमनीत फुगा नाही याची खात्री केलेली असेल तर ती जोडीला देता येते. मेंदूतल्या शिरेच्या गुठळीत थोड्या काळासाठी देतात.

यातलं फुग्याचं वाक्य पुन्हा वाचा. धमनीत फुगा असताना रक्त पातळ करणं म्हणजे तो फुटल्यावर रक्त थांबणार नाही अशी व्यवस्था करणं. बेह्चेतची शंका असेल तर गोळी सुरू होताना किंवा झाल्याबरोबर ‘छातीचा सीटी झाला का?’ हे नक्की विचारा. तरुण मुलाच्या घरच्यांना मी फोनवर सगळ्यात आधी हेच सांगते.

अझाथायोप्रिन घेताना काय सांभाळायचं?

तिचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइड सांभाळून घेतं, म्हणून ते मध्येच एकदम सोडू नका. अझाथायोप्रिनने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात आणि यकृतावर ताण येऊ शकतो. सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, वरचेवर करावी लागते, पुढे अंतर वाढतं.

भारतीयांसाठी एक खास गोष्ट. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला एक फरक आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. तो असलेल्या माणसात नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत केस अचानक झुबक्याने गळायला लागले तर ती धोक्याची घंटा समजा, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि सीबीसी करा. जनुकाची चाचणी मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते. युरिक अ‍ॅसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधी सांगा, दोन्ही एकत्र घेणं घातक ठरू शकतं.

बायोलॉजिक इंजेक्शनांचा खर्च झेपेल का?

अडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर बनवलेलं औषध, २०१४ च्या डिसेंबरपासून मिळतं, त्यामुळे किंमत मूळ औषधापेक्षा पुष्कळ खाली आली, तरी साध्या घराला ती जडच आहे. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या समाजसेवा विभागात जाऊन बोला, लाज बाळगू नका. इंजेक्शनाआधी सुप्त टीबी आणि कावीळ ब यांची तपासणी झालीच पाहिजे. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर तेही सांगायचं.

सलाइन लावलेल्या जागी शीर कडक होते. हे त्यातलंच का?

हो, पॅथर्जीच्याच जातीचं. सुई, सुरी, नळी, कशानेही झालेल्या इजेला ही त्वचा आणि या रक्तवाहिन्या अवाजवी प्रतिसाद देतात. म्हणून रक्त काढायला गेल्यावर आधीच सांगावं, आणि सलाइनची सुई गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये.

मोठ्या शिरेत नळी घालायची असेल, पोटातल्या महाशिरेत फिल्टर बसवायचा असेल किंवा अँजिओग्राफी करायची असेल, तर संधिवाततज्ज्ञांशी बोलणं झाल्याशिवाय होकार देऊ नका. नळी घातलेल्या ठिकाणी नवी गुठळी, टाके घातलेल्या धमनीला नवा फुगा, असं होऊ शकतं. तातडीचं नसलेलं ऑपरेशन आजार शांत असताना आणि औषधांच्या संरक्षणाखाली करतात. दात काढणंसुद्धा सांगून.

औषधं चालू आहेत, तरी पाय जडच राहतो. असं का?

शीर आतून बंद राहिली की रक्त आडवाटांनी परत येतं आणि पायात दाब साठतो. संध्याकाळी सूज, घोट्याजवळ काळपट त्वचा, थोडं चालल्यावर मांडी फुटेल असं दुखणं, आणि शेवटी घोट्यावर न भरणारी जखम. उभं राहून काम करणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. माझ्या भावाने दुकानातलं काम सोडून बसून करायचं काम घेतलं, आणि त्या निर्णयाला आम्हाला दोन वर्षं लागली.

मापाचे दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच घालायचे. मापाशिवाय घेतलेले ऑनलाइन मोजे एकतर सैल पडतात नाहीतर गुडघ्याखाली काचतात. रोज चाला, एका जागी तासन्‌तास उभं राहू नका, झोपताना पायाखाली उशी घ्या. जखम झाली तर साधी समजू नका, ती आजार पुन्हा डोकं वर काढत असल्याचंही लक्षण असू शकतं.

खाण्यापिण्यात आणि घरगुती औषधांत काय पाळायचं?

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल चालू असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा बिलकूल नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, हेलकावे खातो. दुखतंय म्हणून दुकानातून पेनकिलर घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे टाळाच. जी यंत्रणा आधीच चेकाळलीय तिला आणखी चेतवायची नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. ज्याच्या यकृताच्या शिरांनाच धोका आहे त्याने ही जोखीम कशाला घ्यायची?

तंबाखूबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. सिगारेट सोडल्यावर काहींचं तोंड काही दिवस जास्त येतं. ते निमित्त करून परत सुरू करू नका, रक्तवाहिन्यांचं त्यात नुकसानच आहे.

लग्न आणि मुलं?

दोन्ही होऊ शकतं. सायक्लोफॉस्फामाइडने प्रजननक्षमतेला इजा पोचू शकते, म्हणून तरुण मुलांनी औषध सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं. जीव वाचवायच्या घाईत हे विचारायचं राहून जातं. मुलींनी आणि बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण वॉरफरिन आणि सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला चालत नाहीत. अझाथायोप्रिन मात्र बहुतेकदा चालू ठेवता येतं, आणि रक्त पातळ ठेवायला हेपरिनची इंजेक्शनं असतात.

औषधं जन्मभर घ्यायची का?

सहसा नाही. बेह्चेतचा जोर तरुणपणी असतो आणि वय वाढेल तसा तो अनेकांत ओसरतो. गुठळी झालेल्यांना मात्र काही वर्षं तरी सलग औषध घ्यावं लागतं, आणि ते कमी करणं हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली. बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्यावर काही महिन्यांत दुसऱ्या जागी गुठळी घेऊन आलेले दोघेजण आमच्या ओळखीत आहेत.

मी रुग्णाची बहीण आहे. मलाही होईल का?

एचएलए-बी५१ नावाचं जनुक या आजाराशी जोडलेलं आहे, आणि जवळच्या नात्यात शक्यता थोडी वाढते. पण ते जनुक असणाऱ्या बहुसंख्य लोकांना बेह्चेत कधीच होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांतल्या अनेकांकडे ते नसतं. म्हणून निरोगी भावंडांनी ही चाचणी करून फारसं काही हाती लागत नाही. मी केली नाही. माझं तोंड वर्षातून एखाद्या वेळी येतं, ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, आणि भावाच्या पुढच्या अपॉइंटमेंटला त्याच्यासोबत गेले की डॉक्टर ती मलाही विचारतात.